फळीचं पहिलं तोंड

आठवीत टेक्निकल विषय घेतलेल्या मुलाच्या हातात आपल्या बल्लारपूरच्या शाळेच्या कार्यशाळेत आधी करवत पडत नसे. पडायची ती आरामशीनवरून, म्हणजे ओंडके चिरायच्या गिरणीतून, आलेली ओबडधोबड फळी. एका कडेला साल तशीच, दुसरी कड नागमोडी, अंगावर करवतीचे आडवे ओरखडे. फिटिंगच्या बाकावरची मुलं कानशी घासत असायची, लोहारकामाची भट्टी पेटलेली असायची, आणि आम्ही सुतारकामाची तुकडी फळ्या घेऊन नुसते बसलेलो. सुतारकामाच्या सरांना सगळी शाळा मिस्त्री सर म्हणायची. ते फिरत फिरत यायचे आणि म्हणायचे, "आधी पाहा तिले. उलटीपालटी करून पाहा. मंग मले सांगा, ते कुठं कुठं खोटी हाय."

खोटी म्हणजे काय, हे त्यांनी फळ्यावर खडूने कधीच शिकवलं नाही. फळी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरायची, एक डोळा मिटायचा आणि कडेवरून नजर टोकापर्यंत न्यायची. लांबीत वाक असेल तर तो दिसतो. मग रुंदीवर गुण्याचं, म्हणजे काटकोन तपासायच्या साधनाचं, पातं आडवं टेकवायचं. मधे उजेड दिसला तर फळीला पन्हळ पडली आहे, म्हणजे ती रुंदीत खोलगट झाली आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पीळ, फळीची दोन टोकं एकमेकांशी मुरडलेली असणं. तो नुसत्या नजरेला फसवतो. त्यासाठी सरांनी शिसवीच्या दोन सारख्या पट्ट्या करून ठेवल्या होत्या. एक फळीच्या अलीकडच्या टोकाला आडवी ठेवायची, दुसरी पलीकडच्या टोकाला, आणि खाली वाकून पहिलीच्या वरच्या कडेवरून दुसरीकडे पाहायचं. दोन्ही कडा एकमेकींना समांतर दिसल्या तर फळी सपाट. पलीकडच्या पट्टीचा एक कोपरा वर आला असेल तर पीळ आहे आणि त्याच कोपऱ्यावर लाकूड जास्त आहे.

झाड उभं सरळ असताना त्याची फळी वाकडी का होते, याचं उत्तर मला विज्ञानाच्या तासाला नाही, सुतारकामाच्या तासाला मिळालं. ओलं लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखं आक्रसत नाही. वाढीच्या वलयांच्या दिशेने ते जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीच्या दिशेने आक्रसतं, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून ओंडक्याच्या बाहेरच्या भागातून काढलेल्या फळीची सालीकडची बाजू खोल पडते आणि गाभ्याकडची फुगते. फळीच्या टोकावरची वलयं पाहिली की ती पुढे कुठल्या बाजूला वळेल हे आधीच सांगता येतं. सर आम्हाला तसं सांगायला लावायचे, फळीवर पेन्सिलीने लिहून ठेवायला लावायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तीच फळी पुन्हा हातात द्यायचे. चंद्रपूर-बल्लारपूरचा उन्हाळा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो. जूनमध्ये शाळा उघडायची तेव्हा फळी आमच्या लिहिण्याप्रमाणेच वळलेली असायची.

आपलं गावच लाकडाचं. आलापल्लीच्या रानातला साग जगभर नावाजलेला, आणि बल्लारपूरच्या डेपोत ओंडक्यांच्या थप्प्या लागलेल्या, प्रत्येकावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा. आलापल्लीतला जुन्या सागांचा एक भाग २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. २०२३ साली अयोध्येच्या राम मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झालं, तेव्हा मी नागपुरातल्या माझ्या कारखान्यात ती बातमी कारागिरांना मोठ्याने वाचून दाखवली. अशा गावातल्या शाळेत सुतारकाम शिकायला मिळालं हे भाग्य, असं मला आजही वाटतं. चांगलं सागवान शाळेला परवडत नव्हतंच. पण आरामशीनवर ओंडक्याच्या पाठीच्या, साल लागलेल्या फळ्या स्वस्तात मिळायच्या. कधी ऐन, कधी बीजा, कधी आंबा. लाकूड जितकं वेडंवाकडं, तितकं शिकायला जास्त, असं सर म्हणायचे आणि ते खरंच आहे.

नववीत आम्हाला त्यांनी डेपोत नेलं होतं. त्याच वर्षी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला होता, १९८२, म्हणून साल पक्कं लक्षात आहे. तिथे त्यांनी एका ओंडक्याला टेप गुंडाळला आणि आम्हाला हिशेब करायला बसवलं. घेर ४ फूट, लांबी १० फूट धरा. लाकडाच्या व्यापारात घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. म्हणजे १० घनफूट. मग गणितातल्या वर्तुळाने काढा. येतं १२.७३. बाकीचं गेलं कुठे? सरांनी ओंडक्याच्या कापलेल्या टोकावर खडूने वर्तुळात मावेल तेवढा मोठा चौकोन काढला. त्याची बाजू पावणेअकरा इंचांच्या किंचित वर येते, आणि त्या चौकोनी तुळईचं लाकूड भरतं ८.१ घनफूट. वर्तुळातून चौकोन काढला की ६४ टक्क्यांच्या आत-बाहेर लाकूड उरतं, बाकी सगळं पाठीच्या फळ्या आणि भुसा. व्यापाऱ्याचा आकडा गोल ओंडका आणि चौकोनी तुळई यांच्या मधोमध का बसतो, हे त्या दिवशी डोक्यात शिरलं. पाय (π) आणि त्रिज्या मी त्यानंतर कधी विसरलो नाही.

आता करवतीविषयी. उभं चिरायची करवत वेगळी आणि आडवं कापायची वेगळी, हे घरोघरी एकच करवत वापरणाऱ्यांना माहीत नसतं. उभ्या चिराईच्या करवतीचे दात मोठे, इंचाला चार-पाच, आणि त्यांची टोकं पटाशीसारखी सपाट. ती लाकडाच्या तंतूंच्या दिशेने लाकूड खरवडत जातात. आडव्या कापाच्या करवतीचे दात बारीक, इंचाला आठ-दहा, आणि तिरप्या धारेचे, म्हणजे ते तंतू आधी सुरीसारखे तोडतात. चिरताना करवत फळीशी साधारण ६० अंशांत उभी धरायची, आडवं कापताना ४५ अंशांत. दात आळीपाळीने डावी-उजवीकडे थोडे मुरडलेले असतात, त्यामुळे चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं अडकत नाही. सागाच्या लाकडात वाळूचा अंश असतो, तो दातांची धार लवकर मारतो. म्हणून आमच्या कार्यशाळेत त्रिकोणी कानस कायम बाकावर असायची. धार गेलेल्या करवतीवर जोर काढणाऱ्या मुलाला सर थांबवायचे. रागावायचे नाहीत, कानस त्याच्या हातात द्यायचे.

आणि एक ताकीद रोज: "रेघ खाऊ नको." पेन्सिलीची रेघ कामाच्या तुकड्यावर शिल्लक राहिली पाहिजे, करवत टाकाऊ बाजूने चालली पाहिजे. रेघ फळीच्या दोन्ही तोंडांवर, म्हणजे रुंद बाजूंवर, मारायची, आणि थोडं चिरून झालं की फळी उलटून मागची रेघ पाहायची. चीर मिटायला लागली तर तिच्यात लाकडाची छोटी पाचर ठोकायची.

आमच्या वर्गातल्या एका मित्राचे वडील वंशपरंपरेने सुतार होते. ते जमिनीवर बसून, पायांनी लाकूड धरून काम करायचे आणि त्यांची करवत ओढताना कापायची. शाळेतली ढकलताना कापायची. मित्राला आधी हे फार जड गेलं. सरांनी त्याला शाळेची पद्धत शिकवली, पण घरची सोडायला कधीच सांगितलं नाही. उलट एका शनिवारी त्या काकांना कार्यशाळेत बोलावून मानाने बसवलं आणि आम्हाला दाखवलं की ओढीच्या करवतीचं पातं किती पातळ चालतं. ओढताना पातं ताणलेलं राहतं, म्हणून वाकत नाही. ढकलताना ते दुमडू पाहतं, म्हणून जाड लागतं. पातळ पात्याला भुसा कमी, श्रमही कमी. त्या काकांनी आमच्यासमोर चिरलेली कड रंध्याविनाही जवळपास सरळ होती. शाळेतल्या शिक्षणाने घरच्या कसबाला असा मान द्यावा, ही गोष्ट त्या वयात मी पहिल्यांदाच पाहिली.

फळी चौरस करण्याचा, म्हणजे तिच्या सगळ्या बाजू सपाट आणि एकमेकींशी काटकोनात आणण्याचा, क्रम सरांनी ठरवून दिला होता आणि त्यात सूट नव्हती. आधी एक तोंड. जास्त चांगलं असेल ते तोंड निवडायचं, कोपऱ्यांवरचा पीळ रंध्याने तिरपा घेत काढायचा, मग लांबीत रंधायचं, गुण्याचं पातं आडवं-उभं-तिरपं टेकवून उजेड बंद होईपर्यंत. मग त्यावर पेन्सिलीने खूण करायची. दुसरं काम, एक कड, त्या तोंडाशी काटकोनात. तिलाही खूण. त्यानंतरच मार्किंग गेज, कडेला समांतर रेघ आखायचं साधन, हातात घ्यायचा. रुंदी खूण केलेल्या कडेपासून मोजायची, जाडी खूण केलेल्या तोंडापासून. टोकं सगळ्यात शेवटी. दुसरं तोंड पहिल्यापासून, तिसरी बाजू दुसरीपासून, सगळं मोजमाप त्या एकाच तोंडावर उभं. पहिलं तोंड सूतभर जरी खोटं राहिलं तरी पुढचं प्रत्येक माप ते खोटेपण घेऊन चालतं, आणि मग जोड बसत नाही तेव्हा चूक जोडात शोधली जाते. मी आज माझ्या कारखान्यात नव्या कारागिराला घेताना त्याला चौकट करायला देत नाही. एक फळी देतो आणि एक तोंड करून आण म्हणतो. बाकी सगळं मला त्यातच कळतं.

ज्या गुण्यावर हे सगळं अवलंबून, तो गुण्या स्वतः खरा आहे का, हे तपासायची सरांची रीत मला अजून फार सुंदर वाटते. सरळ कडेला गुण्या लावून रेघ मारायची. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूवर पुन्हा रेघ मारायची. दोन्ही एकावर एक पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर गुण्याची चूक त्या फटीच्या निम्मी. दुसऱ्या कुठल्याही साधनाची गरज नाही. मोठ्या चौकटीला गुण्या पुरत नाही तिथे ३, ४ आणि ५ फुटांचा त्रिकोण किंवा दोन्ही कर्ण मोजणं. हे सगळं आठवीतल्या पोराला समजतं, फक्त कुणी हातात गुण्या द्यायला हवा.

कार्यशाळेत विजेवर चालणारी एकच गोल करवत होती आणि ती फक्त सर चालवायचे. आम्ही जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या मागे उभे. साल असलेली कड ते कधीच सरळ मार्गदर्शक पट्टीला लावत नसत. ओबडधोबड कड पट्टीवर डुलते, फळी किंचित फिरते आणि पात्याच्या मागच्या दातांवर चढते. मागचे दात वर उठत असतात, ते फळी उचलून थेट चालवणाऱ्याच्या अंगावर फेकतात. म्हणून सर ती फळी एका सरळ कडेच्या लांब पाटावर स्क्रूने पक्की करत आणि पाटाची सरळ कड पट्टीला लावून दोन्ही एकत्र पुढे सरकवत. पहिली सरळ कड अशी निघाली की पाट काढून टाकायचा आणि तीच कड पट्टीला लावून दुसरी समांतर कड काढायची. पन्हळ असलेली फळी खोल बाजू खाली करून ठेवायची, म्हणजे ती दोन कडांवर टेकते आणि हलत नाही. पिळाची फळी त्यांनी त्या यंत्रावर कधीच चढवली नाही, तिचं एक तोंड आधी रंध्याने सपाट करून घेतलं. पात्यामागे चीर मिटू न देणारी लोखंडी पट्टी असल्याशिवाय त्यांनी बटण दाबलेलं मला आठवत नाही. पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही, शेवटचे वीतभर लाकूड हाताने नाही, काठीने ढकलायचं.

नागपुरात स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा माझ्याकडे रंधा मारणारं यंत्र नव्हतं. एक जुना बँडसॉ, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणारी करवत, आणि एक गोल करवत, एवढंच. बँडसॉचं पातं खाली मेजाकडे ओढतं, लाकूड मागे फेकत नाही, म्हणून वेडीवाकडी फळी आधी त्यावर चिरायची. मग पाटाची युक्ती वापरून गोल करवतीवर कड सरळ आणि समांतर करायची. तोंड मात्र हाताच्या रंध्याने. दारं-खिडक्यांची पहिली मोठी कामं मी अशीच पुरी केली. विदर्भात मे महिन्यात घट्ट बसवलेलं दार जुलैत उघडत नाही. लाकूड पाणी पितं आणि फुगतं. किती फट ठेवायची हा अंदाज मला आठवीतल्या त्या उन्हाळी फळीने दिला.

मिस्त्री सर आज नाहीत. त्यांचे बाक शाळेच्या मागच्या खोलीत आहेत, मी गेल्या भेटीत पाहिले. कार्यशाळेत आता इलेक्ट्रॉनिक्सची टेबलं आली आहेत आणि ती यायलाच हवीत. पण त्याबरोबर आठवीच्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने, आमच्या वेळी मुली नव्हत्या ही मोठी उणीव होती, एक फळी हाताने चौरस करावी, अशी माझी शाळेला मनापासून विनंती आहे. त्यासाठी लागणारं लाकूड मी देतो. दीड इंची सागाच्या फळ्या पाठवतो आहे. त्या ताज्या चिरलेल्या आहेत, लगेच वापरू नयेत. इंचाला वर्ष हा जुना हिशेब धरून दीड वर्ष वाळू द्याव्यात. मागच्या खोलीत जमिनीपासून वीतभर उंच रचाव्यात, प्रत्येक थरामध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक येतील अशा घालाव्यात, टोकांना तैलरंगाचा हात द्यावा म्हणजे तडे जाणार नाहीत, आणि खिडकी उघडी ठेवावी. तोवर मी जुन्या करवतींना धार लावून घेतो आणि चार नवे गुण्ये उलटसुलट तपासून आणतो. पहिल्या तुकडीला शिकवायला मी स्वतः येईन. शनिवार ठेवावा, त्या दिवशी माझा कारखाना बंद असतो.