पाटणचा दरबार

काठमांडूहून बागमतीचा पूल ओलांडला की पाटण लागतं, म्हणजे आजचं ललितपूर. आम्ही चौघं मित्र दरबार चौकात उतरलो तेव्हा सकाळचं ऊन नुकतंच कळसांवर आलं होतं. एका हाताला मल्ल राजांचा विटांचा राजवाडा, समोर देवळांची रांग.

विटा आणि लाकडाच्या त्या गर्दीत कृष्णमंदिर अखंड दगडी आहे. राजा सिद्धिनरसिंह मल्लाने ते 1637 मध्ये पूर्ण केलं. शिखराभोवती लहान लहान छत्र्या, एकूण 21 कळस. पहिल्या मजल्याच्या पट्टीवर महाभारत कोरलंय, त्याच्या वर रामायण, आणि प्रसंगांखाली नेवारी भाषेतल्या, म्हणजे इथल्या नेवार लोकांच्या भाषेतल्या ओळी. भीष्म शरपंजरी पडलेला दिसला आणि आमच्यातला अनिकेत तिथेच थांबला. "अरे, पुढचा प्रसंग शोधू या," म्हणत आम्ही देवळाला दोन फेऱ्या घातल्या. नेवारी येत नसूनही कथा कळत गेली, याचा आनंद फार मोठा होता.

राजवाड्यात मूळचौक आणि सुंदरीचौक पाहाच. सुंदरीचौकात जमिनीच्या पातळीखाली राजाचं स्नानकुंड आहे, तुषाहिती. कडेच्या दगडी भिंतीवर देवदेवतांच्या मूर्ती इतक्या दाटीने बसवल्यात की नजर ठरत नाही. केशवनारायण चौकातलं धातुमूर्तींचं संग्रहालय आम्ही घाईत पाहिलं. त्याला अर्धा दिवस हवा.

मला सगळ्यात भिडलं ते चारनारायण मंदिर. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात ते आणि शेजारचं हरिशंकर मंदिर पूर्ण कोसळलं. कृष्णमंदिर मात्र उभं राहिलं. ढिगाऱ्यातून कोरीव खांब, तुळया, छप्पर पेलणारे तिरके टेकू लोकांनी वेचून राजवाड्याच्या आवारात नेऊन ठेवले. पुढे नेवार सुतारांनी तेच तुकडे वापरून देऊळ पुन्हा उभारलं. जिथे जुनं लाकूड गेलं होतं तिथे हाताने नवं कोरून बसवलं. जवळ जाऊन पाहिलं तर काळपट जुनं आणि उजळ नवं लाकूड वेगळं ओळखू येतं. ते रंगवून एकसारखं केलं नाही, हे मला फार योग्य वाटतं. आपल्याकडे जुन्या देवळांना ऑइलपेंट फासणाऱ्यांनी एकदा यावं आणि हे पाहावं.

चौकाच्या उत्तर टोकाला मंगाहिती हा जुना पाणवठा आहे. पायऱ्या उतरून गेलं की दगडी मकरमुखांतून पाणी पडतं. इथला शिलालेख इ.स. 570 चा, आणि बायका आजही इथे कळशा-कॅन भरतात. एका आजींनी आम्हाला हाताने खूण करून बाजूला सरायला सांगितलं, कारण आम्ही त्यांच्या रांगेत उभे होतो!

संध्याकाळी शाळा-कॉलेजातली पोरं देवळांच्या जोत्यांवर येऊन बसली. आम्हीही बसलो. गोकुळाष्टमीला याच चौकात रात्रभर दिवे आणि भजनं असतात, असं शेजारच्या मुलाने सांगितलं. पुढच्या वेळी तोच मुहूर्त धरायचं आमचं तिथेच ठरलं.