सुवर्णदुर्ग एकटीने: खडप, होडीचे पैसे आणि तीन तास

‘होडी थेट दरवाजाला लागते, दहा मिनिटांचं काम आहे.’ हर्णैला मी जिथे उतरले होते त्या घरमालकांनी हेच सांगितलं, बंदरावरच्या चहावाल्यानेही हेच, आणि निघण्याआधी पाहिलेल्या व्हिडिओंमध्येही हेच होतं. हे खरं नाही. सुवर्णदुर्ग हा हर्णैसमोरच्या बेटावरचा किल्ला, आणि त्याला होडी लावायचा धक्काच नाही. होडी थांबते तिथून पुढे पाण्यातून चालत जावं लागतं. ते चालणं घोटाभर पाण्यातलं, पुळणीच्या वाळूवरचं असेल की कंबरभर पाण्यातल्या खडपाच्या खडकांवरचं, हे त्या वेळच्या भरती-सुकतीवर (सुकती म्हणजे ओहोटी) ठरतं. एवढी एक गोष्ट कुणी आधी सांगितली असती तर माझा तळहात कापला नसता.

मी जानेवारीत, वद्य तृतीयेला गेले. ‘सकाळी लवकर निघा, ऊन लागणार नाही,’ असा सल्ला मिळाला होता. आठच्या सुमारास होडी सुटली तेव्हा नेमकी पूर्ण सुकती होती. पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. अशा दिवसांत भरतीला पाणी जितकं वर चढतं तितकंच सुकतीला खाली उतरतं. किल्ल्याच्या पायथ्याचं सगळं खडप उघडं पडलं होतं. तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, होडी लांबच थांबवली, बांबू टेकवून खोली पाहिली आणि म्हणाला, ‘ताई, पाणी सुकलंय. इथंच उतरा.’

पहिलं पाऊल टाकलं ते कंबरेच्या वर पाण्यात. खाली वाळू नाही, खडक. त्यावर शेवाळ, आणि शेवाळ नाही तिथे कालवं. कालवांच्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. मागून लाट ढकलते, तोल जातो आणि हात आपोआप खडकाकडे जातो. तो जाऊ देऊ नका. त्यापेक्षा पाण्यात बसा, भिजा, पण हात टेकू नका. पिशवी डोक्यावर, एक हात तिला, दुसरा हवेत, अशी मी एकेक पाऊल चाचपत गेले. अंतर म्हणाल तर काहीच नाही, हाक मारली तर ऐकू येईल इतकं. मला वीस मिनिटं लागली. पट्ट्यांच्या सँडल इथे कुचकामी आहेत, शिंपला बाजूने आत शिरतो. रबरी चपला तर पहिल्याच लाटेला जातील. जुने कॅनव्हासचे बूट घाला, पाण्यातून तसेच चाला.

आता फरक ऐका. साडेअकराच्या सुमारास परत निघाले तेव्हा पाणी निम्मं चढलं होतं. त्याच तांडेलाने त्याच होडीचं नाक दरवाजासमोरच्या पुळणीला टेकवलं आणि मी घोटाभर पाण्यातून आत चढले.

म्हणून तारीख ठरवताना कॅलेंडरमधला रविवार पाहू नका, तिथी पाहा. किनाऱ्यावरचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. तृतीया म्हणजे सव्वादोन, अष्टमी म्हणजे सहा. दिवसातून दोनदा भरती, आणि भरतीपासून साधारण सहा तासांनी सुकती. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. थंडीत दुपारनंतर वारा उठतो आणि लाटा वाढतात, तेव्हा भरती सकाळची हवी. त्रयोदशी-चतुर्दशीला ती पावणेदहा ते साडेदहाच्या सुमारास येते. भरतीच्या तीनेक तास आधी निघा, पाणी उतरायला लागलं की परत या. निघताना तांडेलाकडून वेळ पुन्हा पक्की करून घ्या. त्याचा शब्द पाऊणपटीच्या वरचा. पावसाळ्यात विचारूही नका, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात.

दुसरा त्रास पैशांचा, आणि तो एकट्या माणसालाच होतो. होडी अख्खी घ्यावी लागते. आठ-दहा जणांचा गट असेल तर माणशी भाव निघतो, एकटी दिसली की तीन हजारांपासून सुरुवात. अठराशेवर ठरलं, किल्ल्यावर तीन तास धरून. तरी सव्वा तासात खालून हाका सुरू झाल्या. मी तटावर गेले आणि ओरडून सांगितलं, अकरानंतर या. बोट निघून गेली. परतल्यावर ‘दोन फेऱ्या झाल्या, डिझेल लागलं’ म्हणून आणखी सातशे मागितले. चार माणसं बघत होती. एरवी मी अशा वेळी पाकीट काढून मोकळी होते. आयुष्यभर झालीय. त्या दिवशी शांतपणे म्हटलं, ‘दादा, तीन तास ठरले होते, तीन तासच झाले.’ अठराशे हातात ठेवले आणि चालू लागले. मागून कुणी आलं नाही. ठरवताना बंदरावर दोघांतिघांसमोर मोठ्याने ठरवा, रक्कम आणि तास दोन्ही बोला, आणि परत आल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका. लाइफ जॅकेट नसलेल्या होडीत बसू नका.

आणि तीन तासांवर अडून राहा. अर्ध्या तासासाठी हा किल्ला करण्यात अर्थ नाही.

दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तटाच्या वळणात लपवलेला आहे. पायरीवर कासव कोरलंय, बाजूच्या भिंतीवर मारुती. खालचा तट बघा: बेटाचाच कातळ तासून त्यावर मोठमोठे चिरे चढवले आहेत. कातळ कुठे संपतो आणि बांधकाम कुठे सुरू होतं हे शोधत मी बराच वेळ घालवला. आत पडकी जोती, पाण्याची टाकी, विहिरी आणि काटेरी झुडपं. एप्रिल १७५५ मध्ये, पेशव्यांशी हातमिळवणी करून आलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कमोडोर विल्यम जेम्सने तुळाजी आंग्र्यांचा हा किल्ला तोफा डागून घेतला. आतला दारूसाठा पेटला आणि मग फार वेळ लागला नाही. जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनजवळ या विजयाचा बुरूज बांधला, तो अजून उभा आहे. इथे मात्र माहितीचा एक धड फलक मला दिसला नाही, आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक आहे. याचा मला राग आला, अजून आहे.

पहिला तास मी घाबरलेली होते. झुडपात काही हललं की थांबायचे. पडले तर कोण, हाच विचार. मग पश्चिमेच्या तटावर बसले. समोर फक्त अरबी समुद्र, आणि बेटावर माझ्याशिवाय कुणी नाही. खालून एक समुद्र गरुड वर आला, पंजात वळवळणारा समुद्रसाप, आणि माझ्या नजरेच्या पातळीवरून गेला, इतक्या जवळून की पंखांचा आवाज आला. मी मोठ्याने ओरडले, आनंदाने. सोबत कुणी असतं तर लगेच फोन काढून दाखवादाखवी झाली असती. तो गेल्यावर लक्षात आलं की भीती केव्हाच उतरलीय आणि मी पाय खाली सोडून बसलेय. म्हणून माझं मत: इथे एकट्यानेच जा, पैसे जास्त लागले तरी. बायकांनी तर जाच. फक्त घरी आणि बंदरावर परतीची वेळ सांगून ठेवा.

पाणी दोन लिटर न्या, टाक्यांतलं पिण्यासारखं नाही. पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, जखमेचं औषध. खाण्याची सोय शून्य.

बाकीचे दिवस कर्दे, मुरुड, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैचा मासळी लिलाव असे छान गेले. येण्यासाठी कोकण रेल्वेने खेड, तिथून एसटीने दापोली आणि पुढे हर्णै. ‘फॅमिलीलाच रूम देतो’ म्हणणारे भेटतील, वाद घालू नका, पुढचं घर बघा.

पाण्यातून चालणं जमणार नसेल, गुडघे दुखत असतील, तर होडी करूच नका. बंदराशेजारच्या कनकदुर्गावर चढा. पायऱ्या आहेत, दीपगृह आहे, आणि तिथून सुवर्णदुर्गाचा अख्खा तट दिसतो.