कोण घेणार?

सभेतली शांतता एकाच जातीची नसते. श्रद्धांजलीची शांतता दोन मिनिटांची म्हणून जाहीर होते आणि चाळीस सेकंदांत आटोपते. जमाखर्च वाचला जात असतानाची शांतता खरं तर झोप असते. आणि तिसरी असते ती 'पुढच्या वर्षी अध्यक्षपद कोण घेणार?' या प्रश्नानंतरची. तिच्यात माणसं आपापल्या चपला निरखू लागतात. इतिवृत्ताचा कागद जन्मात कधी न वाचलेला सभासद तो तन्मयतेने वाचायला घेतो. न वाजलेला फोन कानाला लावून कुणीतरी लगबगीने बाहेर जातं.

अशा वेळी वर बघायचं नसतं. मी बघितलं. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता, एवढंच निमित्त. पंख्यावरून नजर खाली येताना ती मावळत्या अध्यक्षांच्या नजरेला भिडली आणि ते म्हणाले, "ताई आहेत की!" पुढचं सगळं अर्ध्या मिनिटात उरकलं. ज्यांनी इतक्या वर्षांत कशालाही अनुमोदन दिलं नव्हतं त्यांनी ते दिलं. टाळ्या झाल्या. त्या अभिनंदनाच्या कमी आणि सुटकेच्या जास्त होत्या, हे मला आता कळतं, कारण त्याआधीच्या प्रत्येक वर्षी मीही तशाच वाजवल्या होत्या.

इतिवृत्तात नोंद आहे, 'ताईंनी अध्यक्षपद आनंदाने स्वीकारले.' प्रत्यक्षात मी म्हणाले होते, "अहो, पण मला..." इतिवृत्तात 'पण' येत नाही.

लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी आमची संस्था लहानशी. साधा सभासद म्हणून माझी नऊ वर्षं मजेत गेली. शिबिरात टेबलाशी बसून नावं लिहायची, खुर्च्या मोजून परत करायच्या आणि घरी येताना अध्यक्षांचं काय चुकलं यावर मनसोक्त बोलायचं. हे शेवटचं सुख किती मोठं होतं ते गेल्यावर कळलं. आता घरी येताना सगळे ज्याच्याबद्दल बोलतात ते माणूस मीच.

पहिल्याच सभेत माझी फजिती झाली. एका ठरावावर कुणी दुरुस्ती सुचवली, दुसऱ्याने दुरुस्तीला दुरुस्ती सुचवली, तिसऱ्याने मूळ विषयच पुढे ढकलावा म्हटलं, आणि आधी मत कशावर घ्यायचं ते मला सुधरेना. त्या रात्री शोधताना हेन्री मार्टिन रॉबर्ट हा अमेरिकी लष्करातला अभियंता भेटला. १८६३ साली न्यू बेडफर्डमधल्या एका सभेचं अध्यक्षपद ऐनवेळी त्याच्या गळ्यात पडलं होतं. सभा कशी चालवतात याचा गंध नाही आणि लोक तर समोर बसलेले. शरमेने त्याने ठरवलं की याचे नियम कळल्याशिवाय पुन्हा सभेला जायचं नाही. तेरा वर्षांनी, १८७६ साली, त्याने सभासंचालनाच्या नियमांचं पुस्तकच छापलं, आणि त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या घेऊन आजही कितीतरी संस्थांच्या सभा चालतात. मला भयंकर बरं वाटलं. सैन्यातल्या माणसाचीही तीच गत झाली होती. मी त्याच्याकडून एकच नियम उचलला: आधी दुरुस्तीवर मत, मग ठरावावर.

नियम मिळाले, पण हुकूम चालवायचा कुणावर? नोकरीत हाताखालच्या माणसाने काम केलं नाही तर त्याला विचारता येतं, लेखी कळवता येतं, फारच झालं तर पगार अडवता येतो. इथे ज्याला पगारच नाही त्याचा अडवणार काय? तो आपल्या उरलेल्या वेळातून येतो, आणि उरलेला वेळ प्रत्येकाचा वेगळा. कुणाचा रविवार उरतो, कुणाची रात्र, आणि कुणाचा काहीच उरत नाही तरी तो येतो. अशा माणसाला 'करा' म्हणता येत नाही. 'कराल का?' म्हणावं लागतं. अध्यक्षाचा सगळा अधिकार त्या प्रश्नचिन्हात. एकदा चिडून मी ते गाळलं, तर आमचे खजिनदार सौम्यपणे म्हणाले, "ताई, मला घरीही कामं आहेत." (खजिनदार हा संस्थेतला सगळ्यात मोलाचा माणूस, कारण त्याला 'नाही' म्हणता येतं. सचिव त्याच्या खालोखाल. अध्यक्ष लागतो तो छायाचित्रात मधोमध उभं राहायला.)

जुन्या लोकांना हे आधीच ठाऊक असावं. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिसने रोटरी सुरू केली, पण पहिला अध्यक्ष झाला सिल्व्हेस्टर शीली, कोळशाचा व्यापारी. हॅरिसची पाळी यायला दोन वर्षं लागली. १९१७ मध्ये लायन्स क्लब उभे राहिले ते मेल्विन जोन्सच्या खटपटीने, आणि तो राहिला चिटणीस. रेडक्रॉसची कल्पना आन्री द्युनांची. सोल्फेरिनोच्या लढाईनंतर पडलेले जखमी त्याने १८५९ साली डोळ्यांनी पाहिले होते. पण १८६३ साली पाच जणांची समिती झाली तेव्हा अध्यक्षपदी सेनापती द्युफूर बसले आणि द्युनां लिहिण्याच्या कामाला, म्हणजे सचिवपदाला. ज्याची कल्पना त्याला खुर्ची नको असते, किंवा खुर्चीला तो नको असतो. दोन्ही शक्य आहे. द्युनांचं पुढे दिवाळं निघालं आणि त्याला बाहेर पडावं लागलं. उलट १८६४ साली अध्यक्षपदी आलेले ग्युस्ताव्ह म्वान्ये १९१० साली वारेपर्यंत, म्हणजे शेहेचाळीस वर्षं, तिथेच होते. काम त्यांनी अफाट केलं असणार. तरीही आमच्या घटनेत 'कार्यकाळ एक वर्ष' लिहिणाऱ्याला मी मनोमन नमस्कार केला. रोटरीत तर दर एक जुलैला जगभरचे अध्यक्ष एकदम बदलतात. त्या तारखेला केवढा मोठा सुस्कारा निघत असेल!

पहिले तीन महिने मी एकाच वाक्यावर काढले. 'हे कोण घेणार?' असं विचारायचं, ती तिसऱ्या जातीची शांतता पसरायची, आणि ती सोसेना म्हणून माझ्याच तोंडून निघायचं, "असू दे, मीच करते." पत्रकं मीच छापून आणली. सभागृहाची परवानगी मीच काढली. बॅनरवरचं शुद्धलेखन मीच तपासलं, आणि तरीही 'शिबीर'मधली बी दीर्घ गेली ती गेलीच. लोक म्हणायचे, असा अध्यक्ष आजवर झाला नाही. हरभऱ्याच्या झाडावरून दिसतंही छान. मग सभांना माणसं उशिरा येऊ लागली, पुढे थोडी कमी येऊ लागली. एका ज्येष्ठ काकांना मी कारण विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही आल्यापासून आम्हाला काही कामच उरलं नाही हो. बरी विश्रांती चाललीये." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

दर वर्षी आम्ही एक मोठं रक्तदान शिबिर घेतो. मागच्या अध्यक्षांच्या काळात विक्रम झाला होता, त्यामुळे यंदा तो मोडायचा हे न बोलता ठरलेलं. तारीख कळवायला मी रक्तपेढीत गेले, तर तिथल्या डॉक्टरीणबाई आनंदल्या नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं. शीतकपाटात ठेवलेल्या लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात, आणि प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. एकाच दिवशी ढीगभर पिशव्या आल्या की आठवडाभर जागा पुरत नाही. शिवाय ज्यांनी आज दिलं त्यांना लगेच पुन्हा देता येत नाही. म्हणजे दोन महिन्यांनी, सुट्ट्यांमध्ये, तुटवडा असतो तेव्हा तुमचे सगळे दाते वापरून झालेले. "विक्रम नका करू," त्या म्हणाल्या, "थोडं थोडं, पण चार वेळा करा."

मी हे कार्यकारिणीत मांडलं. नाराजी झाली. विक्रमाचा आकडा मोठ्या फलकावर लिहिता येतो. थोडं थोडं चार वेळा, हे लिहायचं कुठे? माजी अध्यक्ष गप्प राहिले, आणि त्यांचा विक्रम आपण आता कायमचा सुरक्षित केला हे माझ्या उशिरा लक्षात आलं. त्यांनीच मग अनुमोदन दिलं. मतलबाने का होईना, दिलं.

चार शिबिरं म्हणजे चार जबाबदार माणसं. पहिल्याला खजिनदार लगेच तयार झाले. खर्च आपल्या डोळ्यांसमोर होईल एवढाच त्यांचा हिशेब. दुसऱ्याला आणि तिसऱ्याला जरा वेळाने नावं मिळाली. चौथ्याची तारीख ऐन सुट्टीतली. ज्या दिवसांत रक्त लागतं आणि माणसं गावाला जातात, तेच दिवस.

"चौथं कोण घेणार?" मी विचारलं.

शांतता. तीच. चपला, इतिवृत्त, फोन. माझ्या जिभेवर 'असू दे' येऊन बसलं होतं. मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले आणि मनात आकडे मोजू लागले. दहापर्यंत काहीच झालं नाही. विसाला कुणीतरी खोकलं. सचिवांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता बोला की, नेहमीसारखं. मी बोलले नाही. पंखा अजून कुरकुरत होता. त्याला तेल घालायचं काम मात्र माझ्याच यादीत राहिलं होतं. मी त्याच्याकडे मुद्दाम बघितलं नाही. एखादी बिचारी नजर नेमकी त्याच वेळी वर आलेली असायची.

चाळिसाच्या आसपास मागच्या रांगेतून आवाज आला. मागच्या महिन्यातच सभासद झालेली एक मुलगी. तिला या शांततेची अजून ओळख नव्हती.

"टेबलं लावायला किती वाजता यावं लागेल?" तिने विचारलं.