आमची वाटचाल: गनमेटलच्या स्पिंडलपासून विनाशिकेच्या व्हॉल्व्हपर्यंत

क्षेपणास्त्रवाहू विनाशिका म्हटली की लोकांना ब्राह्मोस आठवतं. आमच्या कारखान्याचं पोट मात्र त्याच जहाजाच्या पोटातल्या व्हॉल्व्हवर चालतं. माझगाव डॉकने बांधलेली विशाखापट्टणम वर्गाची विनाशिका 163 मीटर लांब आणि सुमारे 7,400 टनांची आहे. आतून ती विभागाविभागांत वाटलेली असते. एका विभागाला भगदाड पडलं तरी बाकीच्यांना आग विझवायला पाणी मिळालंच पाहिजे, म्हणून जागोजागी आयसोलेटिंग व्हॉल्व्ह, म्हणजे फुटलेला भाग तोडून वेगळा करणारे. छोट्या कारखान्याला काम मिळतं ते इथे.

सुरुवात गनमेटल (तांबं-कथिलाचा मिश्रधातू) ग्लोब व्हॉल्व्हच्या सुट्या भागांची: स्पिंडल (फिरवायचा दांडा), सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती बैठक), ग्लँड (दांड्याभोवतीची गळती रोखणारा भाग). पितळ इथे चालत नाही. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त झिजून जातं आणि उरतं ते सच्छिद्र तांबं. नग वरून धडधाकट दिसतो, पाना लावला की आटा हातात येतो.

पुढचा टप्पा निकेल ॲल्युमिनियम ब्राँझ या तांब्याच्या मिश्रधातूचा; त्याच्या प्रतीचं नाव एबी2. यात ॲल्युमिनियम 8.8 ते 10 टक्के, निकेल आणि लोखंड प्रत्येकी 4 ते 5.5. खरी मेख ओतकामात आहे. वितळलेल्या धातूवर ॲल्युमिनियम ऑक्साइडची साय धरते. वरून धार सोडली की ती साय फाटून आत गुंडाळली जाते आणि मशीनिंगनंतर नेमकी सीटच्या तोंडावर उघडी पडते. म्हणून धातू साच्यात खालून, संथपणे चढवायचा, रनरमध्ये (धातू साच्यात नेणाऱ्या वाटेत) सिरॅमिक फिल्टर ठेवायचा आणि जाड फ्लँजवर (नळीला बोल्टने जोडायच्या कडेवर) रायझर, म्हणजे आकसणाऱ्या धातूची भर घालणारा जादा साठा, सढळ हाताने द्यायचा. धातू वाचवायला रायझर बारीक केला, तर बचत एक्स-रेच्या फिल्मवर दिसते.

ओतल्यावर 675 अंश सेल्सिअसवर 6 तास उष्णोपचार, मग स्थिर हवेत थंड करणं. एरवी संथ थंड झालेल्या जाड भागांत ॲल्युमिनियमने समृद्ध असे कण राहतात. समुद्राचं पाणी नेमकं तेच खातं आणि दोन-चार वर्षांनी बॉडी झिरपू लागते. हे टाळून घाईने दिलेला नगही हायड्रोटेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) पास होतो, हीच पंचाईत. ती चाचणी बॉडीला कामाच्या दाबाच्या दीडपट, सीटला 1.1 पट. टेस्ट बारला (त्याच धातूच्या नमुना-कांडीला) किमान 640 न्यूटन प्रति चौरस मिमी ताणबळ आणि तुटेपर्यंत लांबीत 13 टक्के वाढ लागते, आणि प्रत्येक नगावर हीट नंबर, म्हणजे तो कोणत्या वितळीतून ओतला त्याचा क्रमांक.

दिल्ली (पहिलं जहाज नौदलात 1997), कोलकाता (2014) आणि विशाखापट्टणम (2021) या तिन्ही विनाशिका-वर्गांची लांबी तीच. आतलं सामान तेच नाही. एकाचा स्पेअर दुसऱ्याला बसेल हे गृहीत धरू नये. दोन इंची एएनएसआय 150 (अमेरिकी मानक) फ्लँजचं भोकवर्तुळ, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणारं वर्तुळ, 120.7 मिमी व्यासाचं; त्याच मापाच्या डीएन 50 पीएन 16 (युरोपीय मानक) चं 125. दोन्हीला चारच भोकं, नजरेला जुळी भावंडं. कॅलिपर लावल्याशिवाय कोटेशन देऊ नये.

बऱ्याच तक्रारी व्हॉल्व्हच्या नावाने येतात आणि दोष पुढच्या नळीत निघतो. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून प्रवाह आवरला की पाणी घुसळतं आणि 90/10 तांबे-निकेल नळीवरचा संरक्षक थर खरवडला जातो. या नळीत पाण्याचा वेग मोठ्या व्यासालाही 3.5 मीटर प्रति सेकंदाच्या आत हवा. जहाज धक्क्याला असताना बंदरातलं गढूळ, सल्फाइडयुक्त पाणी नळीत साचून राहिलं, तर तो थर धड बनतच नाही. प्रवाह कमी करायचा असेल तर ऑरिफिस प्लेट (ठरावीक भोकाची चकती) बसवा. गेट व्हॉल्व्ह त्या कामाचा नाही.

स्पेअर किटमध्ये रबराकडे कुणी बघत नाही. नायट्राइल रबराच्या ओ-रिंगचं (गळती रोखणाऱ्या गोल कड्याचं) साठवण-आयुष्य 7 वर्षं, व्हायटॉनचं 10, तेही अंधारात आणि पाकीटबंद. आम्ही पाकिटावर क्युअरिंगची (रबर तापवून पक्कं केल्याची) तिमाही छापतो. बिलाची तारीख इथे बिनकामाची.

जहाजं पंचवीस-तीस वर्षं चालतात आणि मागणी येते तीन-चार नगांची. लाकडी साचे पावसाळ्यात फुगतात, वाकतात. जुने साचे स्कॅन करून आता ॲल्युमिनियममध्ये उतरवणं चालू आहे. आधी हात घातलाय कोअर बॉक्सना (आतली पोकळी घडवणारे साचे), कारण भिंतीची जाडी तिथेच चुकते.