मिरज, तंतुवाद्यांचा कारखाना: अँप्लिफायर आणि धूळ, टप्पा २

पहिल्या टप्प्यात अँप्लिफायरवर घातलेलं कापडी कव्हर रद्द. धूळ अडते तशी हवाही अडते, आणि हीटसिंक, म्हणजे अँप्लिफायरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, नको इतका तापतो.

इथे तुणाच्या लाकडाचा भुसा, भोपळा घासल्याचा भुगा आणि जवारी काढताना (तारांचा नाद जुळवायला त्यांच्याखालची घोडी घासताना) उडणारं पीठ, असं तिन्ही एकत्र असतं. पावसाळ्यात हा थर ओल धरतो आणि सर्किटवर बसला की खरखर सुरू होते. म्हणून आधी सफाई, मग अँप्लिफायर ठेवायची लाकडी पेटी.

प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, भरलेले असतात. आपल्या सेटमध्ये १०,००० मायक्रोफॅरॅडचे दोन आहेत, ३५ व्होल्टवर. प्रत्येकावर १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर मिनिटभर धरायचा आणि मल्टीमीटरवर १ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करायची. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका.

सुकी धूळ एक इंची, जनावराच्या केसांच्या ब्रशने झाडली, शेजारी व्हॅक्यूमची नळी धरून. कंप्रेसर नको, त्याच्या हवेत पाणी आणि तेल असतं. चिकट डागांना आयसोप्रोपिल अल्कोहोल, पण ते कापसाच्या काडीवरच घ्यायचं. लाखेच्या पॉलिशवर थेंब पडला तर पॉलिश विरघळतं, आणि इथे तर प्रत्येक लाकडाला तेच लावलेलं. व्हॉल्यूमच्या खरखरीला पिनांजवळच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच छोटा फवारा मारून नॉब ३० वेळा फिरवला. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे इथे मारू नये, मागे राहिलेलं तेल धूळ धरतं.

स्पीकरचं दुखणं वेगळं. सतारीच्या पोलादी तारा कापताना उडालेले बारीक तुकडे चुंबकाने ओढले जातात. वूफरच्या (जाड आवाजाच्या स्पीकरच्या) डस्टकॅपवर, म्हणजे मधल्या टोपीवर, चार तुकडे केसांसारखे उभे होते. लोखंडी चिमटा जवळ नेऊ नका, चुंबक त्यालाच ओढून कोनमध्ये, म्हणजे स्पीकरच्या पडद्यात, घुसवतं. दातकोरणीला मास्किंग टेप उलटी गुंडाळून एकेक तुकडा उचलला. ट्वीटरच्या (बारीक आवाजाच्या स्पीकरच्या) घुमटाला मात्र हात लावला नाही.

आता पेटी. १२ मिलिमीटर प्लाय, अँप्लिफायरच्या वर १० सेंटिमीटर मोकळी जागा. १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा ७ व्होल्टवर चालवला, म्हणजे आवाज करत नाही. तो हवा आत ढकलतो, बाहेर ओढत नाही. महत्त्वाचं तेच. आत दाब किंचित जास्त राहिला की फटींतून धूळ शिरत नाही. फिल्टर १० मिलिमीटर फोमचा, २५ बाय २५ सेंटिमीटर. छोटा ठेवला तर लगेच तुंबतो. हवा बाहेर जायला मागे वरच्या बाजूला भोक ठेवलंय. तपासायला फटीजवळ उदबत्ती धरा, धूर बाहेर ढकलला गेला पाहिजे. पहिल्या वेळी दाराच्या बिजागरीपाशी तो आत गेला, तिथे फोमची पट्टी चिकटवली.

दोन तास वाजवल्यावर बाहेर ३१ अंश, पेटीत ३७. नऊ दिवस फिल्टर न धुता हीच चाचणी घेतली तर ४२. म्हणजे फोम आठवड्याला धुवायचा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावायचा नाही, नाहीतर ओली हवाच आत जाते. जादा फोम कापून ठेवलाय.

स्पीकर अजून जमिनीवरच आहेत. तारा कापायच्या पाटापासून दूर, भिंतीवर डोक्याच्या उंचीला लावायचे बाकी.