आमची वाटचाल: केळीच्या बागेवरून सातपुड्याच्या वणव्यापर्यंत

लग्नाच्या शूटिंगसाठी घेतलेल्या ड्रोनवर चोपड्यात आमचा धंदा सुरू झाला. मग केळीच्या बागांची पाहणी, फवारणी. २०२१ च्या ड्रोन नियमांनी परवानग्यांचं जंजाळ बरंच सुटलं, आणि रिमोट पायलटचं सर्टिफिकेट काढून आम्ही सातपुड्यातले वणवे हेरण्याकडे वळलो. आमचं सगळं सामान एका बोलेरोत मावतं.

"सॅटेलाइट असताना ड्रोन कशाला?" हे अजून ऐकावं लागतं. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाचा अलर्ट वनरक्षकाच्या मोबाईलवर येतोच. पण त्यातला बारीकात बारीक ठिपकासुद्धा ३७५ मीटरचा चौकोन असतो, आणि उपग्रह त्याच्या वेळेलाच डोक्यावरून जाणार. तेवढ्या चौकोनात दोन नाले आणि एक टेकडी सहज बसते. आग नाल्याच्या अलीकडे की पलीकडे, जाळरेषा (आग अडवायला साफ केलेला पट्टा) ओलांडली की नाही, हे पाला उडवायचा ब्लोअर पाठीवर घेऊन चढणाऱ्याला आधी कळायला हवं. आम्ही विकतो ते एवढंच.

उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याचं लोकांना भारी कौतुक. एप्रिलच्या दुपारी त्याचा इथे उपयोग नाही. काळा दगड असा तापतो की स्क्रीनवर अख्खा उतार पांढराफटक. वर पारा ४५ ला टेकला की बॅटरीची चिंता वेगळीच. म्हणून दिवसा साधा कॅमेरा. "भाऊ, तठे धूर दिखस" म्हणणारा पोरगा त्याच्याहून तेज. थर्मल काढायचा पहाटे. दगड निवलेले असतात. विझली म्हणून सोडलेल्या जागेत सागाचं एखादं खोड आतून धुमसत असलं, तर करड्या स्क्रीनवर ठळक ठिपका उठतो. दुपारी वारा सुटला की तिथूनच वणवा परत पेटतो, त्यामुळे ही पहाटेची फेरी मला सगळ्यात मोलाची वाटते.

मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, ती आग पसरते. पेटवणाऱ्यांचे फोटो एकदोघांनी मागितले. आम्ही जागा कळवतो, माणसं नाही. त्याच पाड्यांतले लोक आग विझवायला पुढे असतात.

बिलं मार्चनंतर लटकतात, तोवर केळी तारते. यंदा लांब पल्ल्याचा फिक्स्ड-विंग, म्हणजे विमानासारख्या पंखांचा ड्रोन घेणार होतो. पण ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा नियम, मग तो पल्ला काय कामाचा? त्या पैशांत जादा बॅटऱ्या आणि गाडीत बसणारा इन्व्हर्टर घेतला.