तुम्ही विचारलंत म्हणून : ७४ जीबी गेले कुठं?

"डेटाबेस एकच, सर्व्हर दोन, मग एकाचीच डिस्क जास्त भरलेली कशी?" पतसंस्था, दवाखाने, गुळाचे व्यापारी, ज्यांचे सर्व्हर मी बघतो ते सगळे हे विचारतात. सूर असा, की मधली जागा मीच खाल्ली.

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका ऑफिसचं सांगतो. २०१९ च्या महापुरानंतर त्यांनी दुसरा सर्व्हर वरच्या मजल्यावर बसवला, मायएसक्यूएल या डेटाबेसची रेप्लिका, म्हणजे सतत जुळती राहणारी प्रत म्हणून. एका सकाळी खालच्या सर्व्हरवर डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) ४१२ जीबी वापर दाखवतंय, वरच्यावर ३३८. डीयू (फाइलींच्या आकाराची बेरीज सांगणारी कमांड) मात्र दोन्हीकडं ३३६. तिथला पोरगा म्हणाला, "सर, रात्री जनरल लॉग लई फुगला होता, उडवला की मी! तरी डिस्क हलंना."

"उडवलास म्हणूनच हलंना."

जनरल लॉग म्हणजे डेटाबेसला आलेली प्रत्येक क्वेरी लिहून ठेवणारी फाइल. डीयू फोल्डर फिरून नाव दिसेल ती फाइल मोजतं. डीएफ नावांच्या भानगडीत पडत नाही, किती ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचे तुकडे) अडकलेत ते थेट फाइलसिस्टिमला, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला विचारतं. लिनक्सवर आरएम (फाइल पुसायची कमांड) मारलं की जातं ते नाव. ज्या प्रोसेसनं (चालू प्रोग्रॅमनं) फाइल उघडून धरलीय ती सोडत नाही तोवर ब्लॉक मोकळे होत नाहीत. सातबाऱ्यावरून नाव उडालं, पण कूळ रानात बसलेलंच. आणि डेटाबेस सर्व्हर म्हणजे महिनोन्‌महिने न उठणारं कूळ.

रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) होऊन 'एलएसओएफ +एल१' ही कमांड मारली. नाव नसलेल्या पण उघड्या फाइली ते दाखवतं. मायएसक्यूएलडीपुढं (मायएसक्यूएलची चालू प्रोसेस) एक ओळ, आकार ७४ जीबी, शेवटी कंसात 'डिलीटेड'. पोरगा स्क्रीनकडं बघतच राहिला.

रीस्टार्ट केलं असतं तरी भागलं असतं, पण काउंटरवर रांग लागलेली. जनरल लॉग आधी बंद केला (कुणीतरी एक चूक शोधायला चालू करून विसरलं होतं) आणि 'फ्लश जनरल लॉग्ज' दिलं. सर्व्हरनं जुनी फाइल सोडली, डीएफ खाली आलं. तो लॉग पुसायचाच होता तर आरएमऐवजी रिकामा करायचा, म्हणजे ट्रंकेट. नाव राहतं, जागा सुटते.

दर वेळी मात्र हेच निघतं असं नाही. डीयूच दोन्हीकडं वेगळं आलं तर मी टेबलं बघतो. इनोडीबीत (मायएसक्यूएलची टेबलं साठवणारा भाग) लाखो जुन्या नोंदी डिलीट केल्या तरी फाइल आकसत नाही, ती जागा पुढच्या नोंदींसाठी राखली जाते. रेप्लिका नंतर डंपवरून (सगळ्या नोंदी उतरवून घेतलेल्या फाइलवरून) उभी केली असेल तर ती साहजिकच सडपातळ. बॅकअपची डिस्क माउंट (तिच्या फोल्डरला जोडलेली) नसताना रात्रीची स्क्रिप्ट चालली, तर बॅकअप पडतो मूळ डिस्कवर. मग त्याच फोल्डरवर डिस्क माउंट झाली की तो झाकला जातो, डीयूला दिसत नाही. आणि जागा शिल्लक दिसूनही 'डिस्क फुल' येत असेल, तर ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलसिस्टिम सहसा ५ टक्के रूटसाठी राखून ठेवते, ५०० जीबीत २५. एवढ्यासाठी मला रात्री ११ ला फोन आलेत.

आता फोन आला की कमांडच्या आधी मी विचारतो, "काल कुणी काय उडवलं?" पहिलं उत्तर ठरलेलं: "कुणीच नाही, सर."